ती परत का गेली, की तिला परत का नेलं?

पत्राचा गोषवारा

वाचक ६२ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त, नागपूरच्या एका लेआउटमध्ये राहतात. रोज संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात बागेतल्या बाकावर सात मैत्रिणी जमतात. सातच्या ठोक्याला ज्या त्या आपापल्या टीव्हीसमोर. 'आभाळमाया'च्या दिवसांपासून त्या मालिका पाहत आल्या आहेत आणि मालिकांच्या बाबतीत त्यांचा शब्द बाकावर शेवटचा असतो. महिन्याभरापूर्वी एका मालिकेत नायिका बाहेर संबंध ठेवणाऱ्या नवऱ्याकडे परत गेली. दुसऱ्या दिवशी बाकावर वाचक चिडून म्हणाल्या, "अशा बायका आहेत म्हणून तर हे माणसं शेफारले. मी असती ना, तर उंबरठा ओलांडू दिला नसता. लाज कशी नाही वाटत यांना?" सगळ्या हसल्या. एक मैत्रीण मात्र "दूध ठेवलं आहे गॅसवर" म्हणून उठली. छत्तीस वर्षांची मैत्री. त्या दिवसापासून ती बाकावर आलेली नाही, फोनही तुटकच घेते. चार दिवसांनी दुसऱ्या एकीने कानात सांगितलं, "तुला माहीत नव्हतं? तिच्या यजमानांचंही तेव्हा तसंच होतं. तीन महिने माहेरी राहून आली होती ती." आता मुलगा म्हणतो, मालिका बघणं बंद कर. सून म्हणते, सरळ जाऊन माफी मागा. बाकावरच्या म्हणतात, काही झालंच नाही असं वागा. वाचक विचारतात : काय करू? आणि पत्राच्या शेवटी : "छत्तीस वर्षांत तिने मला हे सांगितलं नाही, याचंही वाईट वाटून राहिलं."

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. ती उठून गेली तेव्हाचं तुम्ही लिहिलंय, "मला तेव्हा काहीच वाटलं नाही, मी पुढे बोलतच राहिली." हे न लिहिताही पत्र पूर्ण झालं असतं. ज्या बाईला हे कागदावर उतरवता येतं, तिला पुढचं अवघड कामही जमेल. म्हणून मीही काही राखून न ठेवता लिहिते.

आधी एक गोष्ट तपासून घेऊ. ती तुमच्या त्या बोलण्यामुळेच येत नाही, असं तिने तुम्हाला सांगितलेलं नाही. यजमानांचं तर नाहीच नाही. दोन्ही गोष्टी तुम्हाला एका तिसऱ्या बाईने सांगितल्या आणि तिला त्या कुठून कळल्या हे पत्रात नाही. नागपूरची डिसेंबरातली थंडी, गुडघे, घरातलं कुणाचं आजारपण, यातलं काहीही कारण असू शकतं. तुमचं बोलणं आणि तिचं उठणं लागोपाठ झालं, त्यामुळे तुमचा अंदाज बरोबर असावा असं मलाही वाटतं. पण अंदाज तो अंदाजच. हे मनाशी पक्कं धरा, कारण तिच्याशी काय बोलायचं आणि काय नाही, ते यावरूनच ठरणार आहे.

आता मुलाचा सल्ला. मालिका बंद करायच्या, म्हणजे प्रश्न मिटला. मला हे अजिबात पटत नाही. मालिका बंद केल्या तर तेच वाक्य तुम्ही पेपरातल्या बातमीवर बोलाल, नात्यातल्या एखाद्या पोरीवर बोलाल. जीभ तीच राहील. शिवाय मुलाला जे रिकामपणचं पाहणं वाटतं, त्यात तुमची पंचवीस वर्षं आहेत. १९९९ साली अल्फा टीव्ही मराठी वाहिनी आली, 'आभाळमाया'तली सुकन्या कुलकर्णींची सुधा घरात आली. पुढे 'वादळवाट', 'अवघाचि संसार', 'होणार सून मी ह्या घरची'. बँकेतून थकून आल्यावर कुकर लावून तुम्ही ज्या बायकांची सुखदुःखं ऐकलीत, त्या बायकांमुळेच तर तो बाक जमला. सात घरांतल्या सात बायका आपापल्या घरचं सांगायला रोज एकत्र बसल्या नसत्या. मालिकेतल्या घराचं बोलायला मात्र बसल्या, आणि त्याच्या आडून आपलंही थोडं थोडं बोलल्या.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मला हे सारखं दिसतं. एखादी बाई चार ओळी खरडते आणि मध्येच लिहिते, "माझ्या घरी अरुंधतीसारखं झालं." पुढचं तिला लिहावं लागत नाही. 'आई कुठे काय करते' ही मालिका २०१९ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास नवऱ्याचं दुसरं नातं कळलेली ती बाई. मूळ गोष्ट बंगाली 'श्रीमोयी'ची. तीच हिंदीत 'अनुपमा' झाली. बंगालीत, मराठीत, हिंदीत, जिथे जिथे ती गेली तिथे बायकांना ती ओळखीची वाटली. आणि आपल्या नागपूरची राधिका तर आपलीच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली तेव्हा आपली बोली रोज रात्री टीव्हीवर ऐकू येते, याचं किती कौतुक होतं! बोली थोडी जास्तच घोटवली आहे, असं म्हणत म्हणत आपण सगळ्यांनी ती पाहिली. नवऱ्याने दुखावलेल्या बाईने मसाल्यांचा धंदा उभा केलेला पाहून किती जणींना हुरूप आला असेल. हे सगळं बंद करा म्हणणं सोपं आहे. तुम्ही बंद करू नका.

पण ताई, पाहण्याची एक रीत मात्र बदलावी लागेल, आणि माझ्या मते सगळं त्यातच अडलं आहे.

तुम्ही विचारलंत, "लाज कशी नाही वाटत यांना?" यातल्या 'यांना' या शब्दाकडे बघा. मालिकेतली बाई एक होती. 'यांना' म्हणताच तुम्ही तिला सोडून जगातल्या सगळ्या परत गेलेल्या बायकांकडे वळलात. त्यातली एक तुमच्या शेजारीच बसली होती, असं आता दिसतंय.

ती मालिकेतली बाई परत का गेली, याचं खरं उत्तर मालिकेच्या कामकाजात सापडतं. रोजची मालिका म्हणजे अर्ध्या तासात बावीसेक मिनिटांची गोष्ट, आठवड्याचे निदान पाच-सहा दिवस. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ट्रॅक, म्हणजे गोष्टीचं चालू वळण, चालला तर लांबतो, पडला तर रातोरात वळवला जातो. घराचा सेट उभा असतो, कलाकार ठरलेले असतात, आणि नवरा म्हणून ज्याला घेतलं त्याला घरातून कायमचा काढला तर गोष्टीचा अर्धा संसारच जातो. म्हणून नायिका बाहेर पडली तरी त्याच अंगणात घुटमळते. राधिका वेगळी झाली तरी तिचा नवरा गुरुनाथ साडेचार वर्षं आपल्या नजरेसमोरच होता. अरुंधतीने घटस्फोट घेतला, दुसरं लग्न केलं, तरी पहिल्या सासरच्या, देशमुखांच्या घराशी तिचा संबंध सुटला नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात साबणाच्या कंपन्यांनी रेडिओवर दुपारच्या मालिका सुरू केल्या, त्यावरून इंग्रजीत यांना 'सोप ऑपेरा' हे साबणाचं नाव पडलं. तेव्हापासून या गोष्टींचं पहिलं काम एकच राहिलं आहे : ऐकणारी बाई उद्या पुन्हा आली पाहिजे. त्यासाठी नायिकेने क्षमा करायची, पुन्हा फसायचं, पुन्हा क्षमा करायची. तिची सोशीकता पुढच्या भागाची सोय असते.

हे सगळं लेखकाच्या हातात असतं, आणि थोडंसं आपल्याही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहिर, तुळशीचा नवरा, आठवतो? २००१ मध्ये त्याला मारला, तर प्रेक्षकांनी एवढा गहजब केला की तो जिवंत परत आला. तुळशीचं कुंकू प्रेक्षकांच्या हट्टाने परत येऊ शकलं. तुमच्या मैत्रिणीच्या हातात असं काही नव्हतं. ती तीन महिने माहेरी होती हे खरं असेल, तर त्या तीन महिन्यांत तिच्यासाठी ट्रॅक वळवणारं कुणी नव्हतं. लीप घेऊन पाच वर्षं पुढे जायची सोयही नव्हती. एक एक दिवस काढूनच तिला पुढे जावं लागलं.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, आणि ती फक्त तुमच्यासाठी नाही, बाकाबाकावर बसणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी आहे : मालिकेवर चिडा, पण चिडताना "ती परत का गेली?" असं न विचारता "तिला परत का नेलं?" असं विचारा. सवयीने जमतं. मी करून पाहिलं आहे. पहिला प्रश्न विचारला की बोट बाईकडे जातं. दुसरा विचारला की ते लिहिणाऱ्याकडे, वाहिनीकडे, आणि रोज सात वाजता ते पाहणाऱ्या आपल्याकडे वळतं. गप्पा बेचव होत नाहीत, उलट जास्त रंगतात. गेल्या आठवड्यात आकडे पडले असतील का? नव्या खलनायिकेची एन्ट्री करायची म्हणून हा समेट घडवला असेल का? रविवारी महाएपिसोड आहे म्हणून तर हे नाही ना? तुमच्यासारख्या मुरलेल्या प्रेक्षकाला हे सगळं दिसतं. पत्राची दोन पानं तुम्ही मालिकांवरच लिहिली आहेत, आणि त्यातलं बरंचसं मला मान्य आहे. स्वयंपाकघरात कट रचणारी प्रत्येक वेळी बाईच का, हा तुमचा प्रश्न तर वाहिनीच्या लोकांनी भिंतीवर लावावा असा आहे. एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. पूर्वीच्या मालिका वेळेवर संपायच्या, असं तुम्ही लिहिलंय. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि तीन हजारांहून जास्त भाग चालली. ती आपणच पाहिली, रोहिणी हट्टंगडींच्या आशाताईंसाठी जेवणाची वेळ बदलून पाहिली. ओढून ताणून लांबवणं आजचं नाही. तेव्हा आपण त्यात रमलो होतो, एवढंच.

आता तुमच्या मनातलं दुसरं गृहीतक, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. परत जाणारी बाई कमजोर असते, हे ते गृहीतक.

१९८४ च्या जुलैत दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झालं तेव्हा आम्ही नागपूरच्या महाल भागात एका जुन्या वाड्यात राहत होतो. वाड्यात एकच टीव्ही, कृष्णधवल, घरमालकांकडे. सतरंजीवर आम्ही मुलं, मागे बायका, दारात उभे पुरुष. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ती मालिका मुद्दाम समाजशिक्षणासाठी काढलेली होती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी अशा शिकवणाऱ्या मालिका करून दाखवल्या होत्या, त्यावरून ही कल्पना इथे आली. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन समजावून सांगायचे. त्यात भागवंती नावाची आई होती. दारुडा नवरा, सासू, पोरं, सगळं मुकाट्याने सोसणारी. करणाऱ्यांचा हेतू असा की तिला पाहून बायकांनी म्हणावं, असं सोसू नये. झालं भलतंच. पुढे संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा कितीतरी बायकांना भागवंतीच आदर्श वाटलेली निघाली. यावर पुस्तकं लिहिली गेली, बायकांना मालिका कळलीच नाही असा सूरही निघाला.

मला मात्र वाड्यातल्या एक काकू आठवतात. भागवंती रडायला लागली की आम्ही मुली चिडायचो, "ही बोलत का नाही?" काकू एकदा हळूच म्हणाल्या, "बोलून ती जाईन कुठे? आधी ते सांगा." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तरी खोलीत कुणी पुढे बोललं नाही. काकूंचं घर कसं होतं ते मला फार उशिरा कळलं. त्यांना भागवंती आदर्श वाटत होती की नाही, देव जाणे. पण 'जाईल कुठे' हा प्रश्न त्यांना दिसत होता आणि आम्हाला दिसत नव्हता.

तुमची मैत्रीण ज्या वर्षांत माहेरी गेली असेल, म्हणजे १९९० च्या आसपास, तेव्हा कायदा होता. परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्येच आली होती. कागदावर वाट मोकळी होती. पण त्या वाटेवर जायचं तर आधी माहेरच्या ओसरीतून जावं लागे. तिथे भाऊ-भावजय, लग्नाची धाकटी बहीण, "लोक काय म्हणतील" म्हणणारे वडील. मुलं शाळेत, हातात पगार नाही, आणि सगळं गाव विचारणार, "काऊन आली?" तुमच्याकडे बँकेची नोकरी होती, ताई. "मी असती तर" म्हणताना तुमच्या मागे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार उभा होता. हे मी टोचायला म्हणत नाही. तुमची नोकरी तुमच्या कष्टाची होती. फक्त "मी असती तर" हे वाक्य बोलण्याआधी तिच्या जागी उभं राहायला लागतं, आणि तिची जागा तुम्हाला माहीत नव्हती.

हेही शक्य आहे की ती अगतिक होऊन परतलीच नसेल. विचार करून परतली असेल. अटी घालून परतली असेल. नवऱ्याने खरोखर पाय धरले असतील, आणि पुढची पस्तीस वर्षं त्याने नीट काढून दाखवली असतील. किंवा हे काहीच नसेल, ती नुसती दमली असेल. बाहेरून यातलं काय ते सांगता येत नाही. फसवणाऱ्या नवऱ्याला दार उघडू नये, हे मत तुमच्या आयुष्यासाठी तुम्ही जरूर ठेवा. माझंही जवळपास तेच मत आहे. ते सोडा असं मी म्हणतच नाही.

आता तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ. छत्तीस वर्षांत तिने मला सांगितलं नाही. वाईट वाटणं साहजिक आहे. पण थोडं आठवून पाहा. या पंचवीस वर्षांत बाकावर किती नायिकांचा निकाल तुम्ही लावला असेल? कोण मूर्ख, कोण लाचार, कुणाला अक्कल नाही. ती प्रत्येक वेळी शेजारी बसून ऐकत होती. तिच्या मनात सांगायचं आलं असेलही एखाद्या संध्याकाळी. मग कुठल्या तरी नायिकेबद्दल तुम्ही जे बोललात ते ऐकून तिने तो विषय गिळला असेल. मी हे खात्रीने म्हणू शकत नाही. पण मालिकेवरचं आपलं बोलणं आजूबाजूच्या बायका असंही ऐकतात : मी हिला माझं सांगितलं, तर ही माझ्याबद्दलही असंच बोलेल का? घरी तरुण मुली, सुना असतील तर त्याही असंच ऐकतात. टीव्हीसमोर आई काय बोलते त्यावरून मुलगी ठरवते, उद्या आपलं काही बिनसलं तर हिच्याकडे यायचं की नाही.

आणि तिने सांगितलं नाही म्हणून तुमची मैत्री उणी ठरत नाही. तिचं सगळं माहीत असलेली माणसं तिच्याभोवती पुष्कळ असतील : नणंदा, जावा, माहेरचे. ज्या एका माणसापुढे ती तीन महिने माहेरी राहून आलेली बाई नव्हती, ते माणूस तुम्ही होता. कदाचित तुमच्या सोबतीत तिला तेच हवं होतं.

तर आता करायचं काय. "काही झालंच नाही असं वागा" हा बाकाचा सल्ला मी बाजूला ठेवते. महिना उलटून गेला आहे, आता गप्प राहिलं की त्याचा अर्थ एकच निघतो. सुनेचं माफी मागायचं म्हणणं बरोबर आहे, पण कशाची माफी, हे तिने सांगितलेलं नाही आणि खरी गोम तिथेच आहे. "मला तुझ्या यजमानांचं माहीत नव्हतं, नाहीतर बोलले नसते" अशी माफी मागाल, तर तुम्ही तिला दुसऱ्यांदा दुखवाल. एका वाक्यात तिला कळेल की तिचं झाकलेलं बाकावर उघडं पडलं आहे. शिवाय त्या माफीचा अर्थ असा होतो की इतर कुणाबद्दल ते बोलणं ठीकच होतं, तू असशील हे माहीत नव्हतं म्हणून चूक झाली. आणि ऐकीव गोष्ट खोटी निघाली तर? मग तर बोलायलाच नको.

ज्याची माफी मागायची ते तुम्ही सगळ्यांसमोर केलं आहे, आणि त्यासाठी तिचं काहीही माहीत असण्याची गरज नाही. साधारण असं बोला, तुमच्या शब्दांत : "त्या दिवशी मी फार बोलली. मालिकेवर बोलता बोलता बायकांवरच घसरली. घरी आल्यावर माझं मलाच बरं नाही वाटलं. तू उठून गेलीस, तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं, थांबली नाही." एवढंच. हे सगळं खरं आहे, आणि तिच्या घरातला एक शब्दही त्यात नाही. "तुला राग आला का?" असं विचारू नका. विचारलं की तिला एक तर खोटं बोलावं लागेल, नाहीतर सगळं सांगावं लागेल. वाक्य बोलून झालं की दुसऱ्या विषयावर जायची मोकळीक तिला द्या.

फोनवर हे करू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. समोर जाऊन बोला. संक्रांत जवळ आली आहे, हळदीकुंकवाला जाईन तेव्हा बोलेन, असं मनात येईल. तेही नको. हळदीकुंकवाला घरात वीस बायका असतात, आणि तिला वाण देत, तिळगूळ देत हसावं लागेल. संक्रांतीच्या आधीच एखाद्या सकाळी, दहा-अकराच्या सुमाराला, ऊन पडलं की जा. दोघींना गच्चीवर किंवा अंगणात बसता आलं तर उत्तम. समोरासमोर सोफ्यावर बसून हे बोलणं जड जातं. शेजारी बसून, हातात काही काम घेऊन सोपं जातं. मटार सोलायला घ्या, नाहीतर संत्री. रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि फार काही घेऊनही जाऊ नका. भेट मोठी असली की माफी जड होते. तिला तुमच्या हातचं काय आवडतं ते छत्तीस वर्षांत तुम्हाला माहीत असेलच. मला तुमच्या जागी गोळाभात न्यावासा वाटला असता.

ती स्वतःहून बोलली तर ऐका. मत देऊ नका. "तू बरोबर केलंस" हेही मतच आहे, तेही नको. ती नाहीच बोलली तर तो विषय तुमच्याकडून तिथे संपला, जन्मभरासाठी. आणि ती रागावली, "आता काय उपयोग" म्हणाली, तर ते ऐकून घ्या, चहा घ्या आणि घरी या. पंधरा दिवसांनी साधा फोन करा. राग उतरायला वेळ लागतो, आणि तो किती लागावा हे तिने ठरवायचं.

आणखी दोन कामं आहेत, छोटी. ज्या मैत्रिणीने कानात सांगितलं, तिला एकदा शांतपणे सांगा की हे माझ्याकडून पुढे जाणार नाही आणि तुझ्याकडूनही जाऊ नये. भांडू नका. पण सांगाच, नाहीतर त्या सात जणींच्या बाकावर उद्या हाच ट्रॅक चालू होईल. दुसरं काम पुन्हा बाकावर बोलायला लागाल तेव्हाचं. सहा-सात बायका जिथे बसल्या आहेत, तिथे मालिकेतली कुठलीही गोष्ट एकीच्या तरी घरून होऊन गेलेली आहे, असं धरूनच बोलायचं. मूल न होणं, दिराने मिळकत लाटणं, व्यसन, दुसरी बाई, मुलाचं न विचारणं. या गोष्टी मालिकांत येतात त्या घराघरांत असतात म्हणूनच.

मालिकेवरचा राग उरतोच, आणि तो वाया घालवू नका. फसवणाऱ्या नवऱ्याकडे परत जाणं हेच सुनेचं भूषण, असं एखादी मालिका रोज रंगवत असेल, तर वाहिनीला लिहा. प्रत्येक वाहिनीवर खाली तक्रारीचा पत्ता पट्टीतून सरकत जातो, तो आपण वाचत नाही. २०२१ पासूनच्या केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे वाहिनीने तक्रार मिळाल्याची पोच चोवीस तासांत द्यायची असते आणि पंधरा दिवसांत तक्रारीचा निकाल कळवायचा असतो. नाही समाधान झालं तर मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून स्वतंत्र तक्रार परिषदही आहे. तारीख, वेळ, भागातला प्रसंग आणि तुमचं म्हणणं, एवढं मुद्देसूद लिहा. बँकेत इतकी वर्षं पत्रव्यवहार केलात, तुमच्यासारखं पत्र कुणाला जमणार नाही. एका पत्राने ट्रॅक वळत नसतो हे मलाही माहीत आहे. पण मिहिर परत आला तो गप्प बसणाऱ्या प्रेक्षकांमुळे आला नव्हता.

आणि पाहणं थांबवावंसं वाटलं तर थांबवा, मुलगा म्हणतो म्हणून नको. एखादी मालिका पाहून उठताना रोज तुमचा जीव चिडलेलाच असेल, आनंदाचा एक क्षणही मिळत नसेल, तर तिने तुम्हाला कधीच सोडलं आहे. शेवटपर्यंत पाहिलंच पाहिजे असं बंधन नाही. तो अर्धा तास चांगल्या मालिकेला द्या, नाहीतर त्या वेळी बाकावरच थोडं जास्त बसा.

तर आधी गच्चीवरची ती सकाळ. जाण्यापूर्वी फोन करून जा, "येऊ का?" एवढंच विचारून. तुमचं बोलणं होऊन जाईल, संत्री संपतील, आणि निघताना दारात तिने विचारलंच, "काय चाललंय गं मग त्या मालिकेत? मी पाहून नाही राहिली," तर परत आत या, बसा, आणि सांगा. महिन्याभराचं सगळं सांगा, नेहमीसारखं, कोण कुणाला काय म्हणालं इथपासून. फक्त ती नायिका परत गेली तिथे आलात की म्हणा, "आणि मग त्यांनी तिला परत नेलं."